केआलाकेकुआची वाट: कॅप्टन कुकच्या स्मारकापर्यंत पायी जाताना

हवाईच्या बिग आयलंडवर, पश्चिम किनाऱ्याच्या कोना भागात, केआलाकेकुआ नावाचा छोटासा उपसागर आहे. त्याच्या उत्तरेकडच्या टोकाला पाण्याच्या अगदी काठावर एक पांढरा स्तंभ उभा आहे. 14 फेब्रुवारी 1779 रोजी ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक या जागेजवळ मारला गेला. तिथवर गाडीरस्ता नाही. बोटीने येणारे बहुतेक जण स्तंभ पाण्यातूनच बघतात आणि परततात. जमिनीवरून जायचं तर डोंगरउतारावरच्या रस्त्यापासून काआवालोआ नावाची पायवाट खाली उतरते. या वाटेने पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

वाट एका बाजूने सुमारे तीन किलोमीटरची, आणि उंचीतला फरक साधारण 400 मीटर. सिंहगड पायी चढलेल्यांना हे आकडे किरकोळ वाटतील. घोटाळा तिथेच होतो. गडावर आपण आधी चढतो. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी, भरलेल्या बाटल्या घेऊन. दम लागला तर मागे फिरायचं आणि उतरायचं, त्यात फारसं काही बिघडत नाही. इथे सगळा क्रम उलटा आहे. आधी तासभराचा उतार, मग समुद्र, मग ऊन डोक्यावर आल्यावर तेवढाच चढ. मागे फिरायचं म्हणजेच चढायचं. म्हणून इथलं वेळेचं, पाण्याचं आणि ताकदीचं गणित परतीपासून मांडावं लागतं. बाकी सगळ्या सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

कुणी जावं, कधी जावं

आधी प्रामाणिकपणे स्वतःकडे आणि सोबतच्यांकडे बघा. 400 मीटर चढ, सावलीशिवाय, दीड ते दोन तास सलग जमेल का? जमेल असं वाटत असेल तर ही वाट तुमच्यासाठी आहे. गुडघेदुखी असेल तर चढापेक्षा उतार जास्त त्रास देईल, कारण वाटेवर सुटे दगड भरपूर आहेत. लहान मुलांबद्दल माझा निकष सरळ आहे: परतीला जे मूल कडेवर किंवा खांद्यावर घ्यावं लागेल, त्याला इथे आणू नये. आईबाबा भारतातून आले असतील आणि त्यांनाही जागा दाखवायची असेल, तर उपसागराच्या दक्षिण बाजूला नापोओपोओपर्यंत गाडी जाते. तिथून सुमारे दीड किलोमीटर पाण्यापलीकडे स्तंभ दिसतो. किंवा परवानाधारक बोटीची सहल घ्यावी. दोन्हींत कमीपणा काही नाही.

ऊन ओळखीचं आहे. केआलाकेकुआ उत्तर अक्षांश साडेएकोणीसच्या आसपास आहे, म्हणजे मुंबई आणि नाशिक यांच्या मधलं. मेच्या मध्यानंतर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. फरक इतकाच की उतारावरची काळी लाव्हा ते ऊन शोषून घेते आणि खालूनही परत फेकते. समुद्रावर बसून वारा अंगावर घेताना हे जाणवत नाही, वाटेला लागलं की लगेच जाणवतं.

पावसाचं चक्रही लक्षात ठेवा. हवाईच्या बहुतेक भागांत हिवाळा हा पावसाचा काळ, पण कोनाच्या उतारावर उन्हाळ्यात पाऊस जास्त पडतो, तोही बहुधा दुपारनंतर. दिवसा समुद्रावरची दमट हवा तापलेल्या उतारावरून वर चढते, थंड होते आणि दुपारपर्यंत ढग धरते. इथली प्रसिद्ध कॉफी याच दुपारच्या ढगांच्या सावलीत वाढते. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा की सकाळ हीच वेळ. दुपारी ढग येतील आणि चढताना सावली मिळेल या भरवशावर उशिरा निघू नका. ढग बहुतेक वेळा वरच्या पट्ट्यात असतात, खालची लाव्हा तापलेलीच राहते.

उन्हाळ्यात सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो, जानेवारीत सातच्या सुमारास. उजाडता उजाडता वाटेला लागणं सर्वांत उत्तम. हिशेब असा: साडेसहाला निघालात तर रमतगमत पावणेआठपर्यंत खाली. तिथे दोन तास. पावणेदहाला परतीचा चढ सुरू, साडेअकराच्या आत गाडीपाशी. निघायला उशीर झाला तर खालचा मुक्काम कमी करा, चढायची वेळ पुढे ढकलू नका. दहाच्या पुढे निघावं लागणार असेल तर त्या दिवशी दुसरं काही तरी करावं, असं माझं मत आहे.

अजून एक गोष्ट दम्याच्या रुग्णांसाठी. बेटावरचा किलाउएआ ज्वालामुखी उद्रेकात असतो तेव्हा त्यातला गंधकाचा वायू आणि धूसर वाफ वाऱ्याबरोबर बेटाला वळसा घालून कोनाच्या बाजूला साचते. स्थानिक लोक त्याला व्हॉग म्हणतात. आदल्या संध्याकाळी हवेची स्थिती बघून घ्या आणि इनहेलर खिशात ठेवा, गाडीत नको.

पाठीवर काय असावं

पाणी. माणशी तीन लिटर, कमी नको. वाटेत किंवा खाली कुठेही प्यायचं पाणी नाही, नळ नाही, दुकान नाही. तीन लिटर म्हणजे तीन किलो, आणि उतरताना ते ओझं निरर्थक वाटतं. वाटू द्या. एक चांगली सवय सांगतो: निम्म्याहून जास्त पाणी वेगळ्या बाटल्यांत भरा आणि त्या सॅकच्या तळाशी ठेवा. परतीचं पहिलं पाऊल टाकेपर्यंत त्यांचं झाकण उघडायचं नाही. खाली पोहून आल्यावर तहान जबरदस्त लागते, आणि समोर पाणी असलं की माणूस पिऊन टाकतो. ओआरएसची दोन पाकिटं सोबत असावीत. साखर-मीठ एकत्र गेलं की पोटऱ्यांत गोळे येत नाहीत असं बऱ्याच जणांना अनुभवाने माहीत आहे, पण मुख्य काम पाण्याचंच.

पायात बंद बूट, तळव्याला चांगली पकड असलेले. फ्लोटर किंवा चप्पल अजिबात नको, आणि त्याचं कारण फक्त दगड नाहीत. खालच्या भागात किआवेची झाडं आहेत. ही आपल्या वेड्या बाभळीच्या जवळची जात, आणि काटेही तसेच लांब आणि टणक. पातळ रबरातून आरपार जातात. पाण्यात उतरायचं असेल तर त्यासाठी वेगळे हलके बूट न्या.

टोपी रुंद कडांची, मानेवर सावली पाडणारी. पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट सनस्क्रीनपेक्षा जास्त उपयोगी पडतो. सनस्क्रीन घेतलंत तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं घ्या. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन 1 जानेवारी 2021 पासून हवाईत विकायला बंदी आहे, कारण ही रसायनं प्रवाळाला अपाय करतात. भारतातून आणलेली ट्यूब असेल तर मागची यादी वाचून बघा.

याशिवाय काठी किंवा ट्रेकिंग पोल, थोडं खारट खाणं, बँडेज, कचऱ्यासाठी पिशवी, पूर्ण चार्ज केलेला फोन आणि त्यात आधीच उतरवून ठेवलेला नकाशा. खाली फोनला रेंज मिळेलच असं गृहीत धरू नका. कुठल्या वाटेने जाताय आणि किती वाजेपर्यंत परताल, हे कुणाला तरी सांगून निघा.

स्वच्छतागृह खालीही नाही. गावातच आटोपून या. खाली पडक्या भिंतींच्या आडोशाला जाणं हा पर्याय नाही, आणि तो का नाही हे पुढे कळेल.

सुरुवात शोधणं

कायलुआ-कोनाहून हायवे 11 ने दक्षिणेला निघालं की सुमारे 20 किलोमीटरवर केआलाकेकुआ गाव लागतं. त्याच्या पुढच्या गावाचं नावच कॅप्टन कुक. या दोन गावांच्या दरम्यान नापोओपोओ रोड समुद्राच्या बाजूला वळतो. त्या रस्त्यावर वळल्याबरोबर वेग कमी करा, कारण पायवाटेची सुरुवात वळणापासून अगदी थोड्या अंतरावर, उताराच्या बाजूला आहे आणि सहज मागे पडते.

गाडी लावायला वेगळी जागा नाही. रस्त्याच्या कडेला मोजक्या गाड्या मावतात. चारही चाकं पांढऱ्या रेषेच्या बाहेर असावीत आणि कुणाच्या घराचं फाटक अडू नये. इथे लोक राहतात, त्यांना रोज याच रस्त्याने कामावर जायचं असतं. गाडीत दिसेल असं काहीही ठेवू नका. पासपोर्ट तर नकोच. जागा शिल्लक नसेल तर परत जा. दूरवर गाडी लावून वळणावळणाच्या, पदपथ नसलेल्या रस्त्यावरून चालत येणं हे वाटेपेक्षा जास्त धोक्याचं आहे.

पायी जायला परवाना लागत नाही, शुल्कही नाही. कयाकची, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीची, गोष्ट वेगळी. उपसागरात कयाकवर राज्य सरकारचं नियंत्रण आहे आणि स्मारकाच्या बाजूला कयाक लावायची मुभा परवाना असलेल्या सहलींनाच मिळते. कुणी कयाक भाड्याने देऊन "जा बिनधास्त, लावा तिथे" म्हणालं तर ऐकू नका.

उतरताना

वाट तीन तुकड्यांत बदलत जाते.

पहिला तुकडा हिरवा आहे. दोन्ही बाजूंना गिनी गवत, चाऱ्यासाठी आपल्याकडे लावतात तेच, इथे मोकाट माजलेलं. पावसानंतर ते डोक्याच्या वर जातं आणि वाट अरुंद होते. माती लालसर तपकिरी, ओली असेल तर निसरडी. इथे गार वाटतं आणि पावलं आपोआप भराभर पडतात. मुद्दाम हळू चला. सुरुवातीलाच फाटे फुटतात, काही खासगी जमिनींकडे जातात. प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळा आणि आलेल्या वाटेचा फोटो काढा. परतताना तीच जागा उलट्या बाजूने दिसते आणि थकलेल्या डोक्याला ओळखू येत नाही.

मग गवत विरळ होतं आणि उघडी लाव्हा सुरू होते. हा सगळा उतार माउना लोआ या प्रचंड ज्वालामुखीचा आहे. लाव्हाचे दोन प्रकार इथे पायाखाली ओळखता येतात. गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेला तो पाहोएहोए, आणि खरखरीत, धारदार तुकड्यांचा ढीग म्हणजे आआ. भूशास्त्रात हे दोन्ही हवाईयन शब्द जगभर वापरतात, सह्याद्रीच्या बेसॉल्टचं वर्णन करतानासुद्धा. आपला दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, झिजून मऊ कडांचा झालेला. इथला अगदी तरुण आहे. आआवर तोल गेला तर हात टेकू नका म्हणणं सोपं, पण हात टेकला जातोच, म्हणून पातळ हातमोजे घातले तर तळहात वाचतात.

या मधल्या तुकड्यात समोर अख्खा समुद्र उघडतो. फोटो काढायचा तर थांबून काढा. चालता चालता फोनकडे बघणं आणि सुटा दगड, या दोन गोष्टी एकत्र आल्या की घोटा मुरगळतो. उतरताना पावलं आखूड ठेवा, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढच्या पायावर झोकून न देता. आणि अधूनमधून मागे वळून वर बघा. ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. जो चढ अजून चढायचा आहे तो डोळ्यांनी बघितलेला असला की खाली किती वेळ थांबायचं याचा निर्णय माणूस जास्त शहाणपणाने घेतो.

शेवटचा तुकडा सपाट होत जातो. किआवेची झाडं लागतात, डास लागतात आणि दोन्ही बाजूंना रचीव दगडांच्या भिंती दिसू लागतात. चुना नाही, माती नाही, नुसते लाव्हाचे दगड एकावर एक बसवलेले. इथून पुढे आवाज खाली आणा. तुम्ही एका गावात शिरला आहात.

स्मारकापाशी

काआवालोआ हे हवाईच्या सरदारांचं गाव होतं. कुक येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे माणसं राहत होती आणि नंतरही बराच काळ राहिली. स्तंभ बघून लगेच पाण्याकडे पळणारे लोक भिंतींच्या या पसाऱ्यातून चालत जातात आणि तो त्यांना दिसत नाही. मला विचाराल तर इथली खरी वास्तू ही आहे.

स्तंभ 27 फूट उंच, 1874 मध्ये कुकच्या देशबांधवांनी उभारलेला. भोवती जुन्या तोफांच्या नळ्या उभ्या पुरून त्यांना साखळ्या लावल्या आहेत. कोरलेल्या मजकुरात कुकने 18 जानेवारी 1778 रोजी ही बेटं "शोधली" असं लिहिलंय. ते वाचताना मागच्या भिंतींकडे एकदा बघावं. पॉलिनेशियन लोक शेकडो वर्षं आधी, नकाशा आणि होकायंत्राशिवाय, ताऱ्यांवरून आणि लाटांवरून दिशा धरून इथे पोहोचले होते.

जे घडलं ते थोडक्यात असं. कुक दुसऱ्या भेटीत 17 जानेवारी 1779 रोजी रेझोल्यूशन आणि डिस्कव्हरी ही दोन जहाजं घेऊन या उपसागरात आला. तेव्हा मकाहिकी हा लोनो देवतेचा, शांततेचा काळ चालू होता. स्वागत मोठं झालं. 26 जानेवारीला राजा कालानिओपुउने आपल्या अंगावरचं पिसांचं वस्त्र आणि शिरस्त्राण कुकला दिलं. लक्षावधी पिसं बसवलेली ही वस्त्रं तिथल्या सर्वोच्च सरदारांचीच. ती फिरत फिरत न्यूझीलंडच्या ते पापा संग्रहालयात गेली आणि 2016 मध्ये होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये परत आली. होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूला जाणार असाल तर ती बघाच, या वाटेची अर्धी गोष्ट तिथे आहे.

4 फेब्रुवारीला जहाजं निघाली. वादळात रेझोल्यूशनची पुढची डोलकाठी मोडली आणि 11 फेब्रुवारीला ती दुरुस्तीसाठी परत फिरली. आता मकाहिकी संपत आला होता, पाहुण्यांचं ओझंही झालं होतं. कुरबुरी वाढल्या. डिस्कव्हरीची एक होडी रात्रीतून नाहीशी झाली, तेव्हा कुक सशस्त्र शिपाई घेऊन काआवालोआला उतरला. राजालाच जहाजावर नेऊन ओलीस ठेवायचं आणि होडी परत मिळवायची, असा त्याचा बेत होता. गावाने तो होऊ दिला नाही. पाण्याच्या काठावर झालेल्या झटापटीत कुक, त्याचे चार शिपाई आणि बरेच हवाईयन मारले गेले. हवाईयनांनी कुकच्या देहावर सरदाराच्या देहावर करतात तसे संस्कार केले, पुढे अवशेषांचा काही भाग जहाजावर परत दिला, आणि त्याला याच उपसागरात जलसमाधी मिळाली. राजाचा पुतण्या कामेहामेहा या साऱ्या दिवसांत इथे होता. पुढे सगळी बेटं एका राज्याखाली आणणारा तोच.

स्तंभ आणि कुक पडला ती जागा एकच नाही. ती जागा थोडी बाजूला, पाण्याच्या रेषेवर आहे. तिथे एक छोटी धातूची पाटी आहे, भरतीला ती पाण्याखाली जाते. ती शोधायला शेवाळलेल्या खडकांवर धडपडू नका. ओहोटी असेल आणि काठ कोरडा असेल तरच बघा.

मागचा उंच कडा बघून काहींना त्याच्या पायथ्याशी जावंसं किंवा वर चढावंसं वाटतं. जाऊ नका. सुमारे 180 मीटर उंचीच्या या कड्याचं नाव पाली कापू ओ केओउआ, आणि त्यातल्या गुहांमध्ये सरदारांची दफनं आहेत. आजही हवाईयन कुटुंबांचे पूर्वज तिथे आहेत. शिवाय कड्यावरून दगड सुटतात. भिंतींवर बसणं, त्यांवरून उड्या मारणं, दगड रचून मनोरे करणं, खडा किंवा प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून खिशात टाकणं, यातलं काहीही करू नका. आपल्या गडांवर तटबंदीवर चढून नावं कोरणाऱ्यांचा जो राग येतो, तोच इथल्या लोकांना येतो. स्तंभाबद्दल हवाईयनांमध्ये फार वेगवेगळ्या भावना आहेत. कुकच्या जहाजांबरोबर आलेल्या आजारांपासून इथली लोकसंख्या ढासळायला सुरुवात झाली, हे त्यांच्या घराघरातलं दुःख आहे. कुणी स्थानिक भेटला आणि बोलायला लागला तर ऐका.

पाण्यात उतरायचं असेल तर

उतरलंच पाहिजे असं नाही. पण उपसागर 1969 पासून सागरी जीवांसाठी राखीव आहे आणि मास्क लावून नुसतं डोकं पाण्याखाली घातलं तरी पिवळ्याधमक टँग माशांचे थवे दिसतात. स्तंभापुढे सिमेंटचा छोटा धक्का आहे, तिथून पाण्यात जाणं सर्वांत सोपं. खडकांवरून उतरू नका, काळ्या काटेरी सागरी साळिंदरांवर पाय पडतो. प्रवाळाची पट्टी अरुंद आहे आणि तिच्यापुढे तळ एकदम खोल जातो. नवशिक्यांनी पट्टीवरच, काठाला समांतर पोहावं.

जीवरक्षक नाही. लाटा धक्क्यावर आदळत असतील तर त्या दिवशी पोहणं रद्द. एकट्याने पाण्यात जाऊ नये. प्रवाळावर उभं राहू नये, तो दगड नाही, जिवंत आहे. या भागात दिवसा स्पिनर डॉल्फिन विश्रांती घेतात. त्यांच्यापासून 50 यार्ड, म्हणजे सुमारे 45 मीटर दूर राहण्याचा कायदा 2021 पासून आहे. ते तुमच्याकडे आले तर तुम्ही बाजूला व्हायचं.

महत्त्वाचं म्हणजे पाण्यात पाऊण तासापेक्षा जास्त वेळ घालवू नका. पोहण्याची दमछाक गार पाण्यात कळत नाही, चढावर कळते. आणि सकाळी येणाऱ्या सहलींच्या बोटी आपल्याला वर चढण्यापासून वाचवतील ही आशा ठेवू नका. त्या पायी आलेल्यांना घेऊन जात नाहीत.

परतीचा चढ

अंग पुसा, मीठ धुवायला पाणी खर्च करू नका. कोरडे मोजे घाला, कारण ओल्या पायांना या चढावर फोड येतात. थोडं खा. राखून ठेवलेल्या बाटल्या आता उघडा आणि निघण्याआधीच चांगलं पाणी प्या. टोपी आणि शर्ट समुद्राच्या पाण्यात बुडवून ओले घातले तर पहिली पंधरा-वीस मिनिटं बरी जातात.

वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. बोलता येत नसेल तर जास्त भरभर चाललाय. दर पंधरा मिनिटांनी दोन मिनिटं थांबा, दमला असाल किंवा नसाल. चार घोट, मग पुढे. मधल्या लाव्हाच्या तुकड्यात सावली शोधू नका, नाहीच. वरचं गवत दिसायला लागलं की बरेच जण सुटकेने वेग वाढवतात, आणि तिथेच दम तुटतो, कारण अजून चढ शिल्लक असतो. गटात सर्वांत हळू चालणारा पुढे असावा, बाकीच्यांनी त्याच्या मागे. हळू माणूस मागे राहिला की इतर थांबून विश्रांती घेतात, आणि तो पोहोचला की लगेच निघतात. त्याला विश्रांती मिळतच नाही.

डोकं दुखणं, मळमळ, उन्हात अंगावर काटा येणं, चक्कर, ही उष्णतेच्या त्रासाची लक्षणं आहेत. अशा वेळी बसा, टोपीची किंवा कापडाची सावली करा, मान आणि काख ओली करा, घोट घोट पाणी द्या. "थोडंच राहिलंय" म्हणून ढकलू नका. माणूस असंबद्ध बोलू लागला, उलट्या थांबत नसतील किंवा अंग तापून घाम बंद झाला असेल तर 911 ला फोन करा. रेंज नसेल तर दोघांपैकी एकाने त्याच्याजवळ थांबायचं आणि दुसऱ्याने वर जायचं. या वाटेवरून थकलेल्या लोकांना अग्निशमन दल काढत असतं, हाक मारण्यात संकोच नको.

वर आल्यावर

पाय शिल्लक असतील तर गाडीने तोच नापोओपोओ रोड खाली उपसागरापर्यंत उतरा. तिथे हिकिआउ हेइआउ हे दगडी जोत्याचं मोठं मंदिर आहे. कुकचं देवासारखं स्वागत ज्या विधींनी झालं ते याच ठिकाणी. जोत्यावर चढायचं नाही, बाहेरूनच बघायचं. इथून पलीकडच्या काठावरचा स्तंभ, कडा आणि तुम्ही उतरलेला उतार एका नजरेत येतो. वेळ असेल तर दक्षिणेला गाडीने जेमतेम काही किलोमीटरवर पुउहोनुआ ओ होनाउनाउ हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. नियम मोडलेल्या माणसाला जिथे पोहोचला की अभय मिळे, ती ही जागा. तिथली प्रचंड दगडी भिंत बघा. प्रवेशशुल्क असतं, प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह दोन्ही आहे.